चालू पंप, बंद पंप

कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटरसमोर जे स्क्रीन असतात, त्यांवर काय दिसावं आणि कसं दिसावं हे ठरवण्याचं काम मी गेली अठरा वर्षं करते. नातेवाइकांना हे समजावून सांगण्याचा मला कंटाळा येतो, म्हणून 'सॉफ्टवेअरमध्ये आहे' एवढं सांगून मी मोकळी होते. वडील मात्र खोदून खोदून विचारायचे. ते सरकारी कचेरीत कारकून होते. सगळं ऐकून घेतल्यावर एकदा म्हणाले, "म्हणजे टिपण तू लिहितेस आणि त्यावर सही दुसऱ्याला करावी लागते. मग जपून लिही." मी हसले होते.

आमचं ऑफिस चिकलठाण्याला, आणि ज्या कारखान्याची ही गोष्ट आहे तो वाळूजला, म्हणजे शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. तिथं रंगांच्या कंपन्यांना लागणारं रेझीन तयार व्हायचं. एका मोठ्या बंद भांड्यात, म्हणजे रिअ‍ॅक्टरमध्ये, माल शिजतो. शिजताना तो स्वतःच उष्णता सोडतो, म्हणून भांड्याभोवती सतत गार पाणी फिरवत ठेवावं लागतं. पाणी थांबलं की तापमान चढतं, तापमान चढलं की माल आणखी जोरात उष्णता सोडतो, आणि मग ते कुणाच्या हातात राहत नाही. पाणी फिरवायला दोन पंप होते, एक चालू आणि एक राखीव.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथं जुनं पॅनल होतं. भिंतभर लोखंडी पत्रा, त्यावर घड्याळासारखे काटे आणि दिव्यांच्या रांगा. ते काढून तीन स्क्रीन बसवायचे होते. त्या पॅनलवर बावीस वर्षं काम केलेले एक ऑपरेटर होते, त्यांना साहेबांपासून कामगारांपर्यंत सगळे चाचा म्हणायचे, मीही म्हणू लागले. सडपातळ, पांढरी बारीक दाढी, खिशात कायम दोन पेनं. राहायला रोशन गेटकडे. बोलताना मराठी आणि दखनी अशी काही बेमालूम मिसळायचे की आपण कोणती भाषा ऐकतोय ते कळूच नये.

स्क्रीन मी फार हौसेनं केले. रिअ‍ॅक्टर असा की हात लावावासा वाटावा, वर चकाकी, खाली सावली. पाइपांतून निळं पाणी वाहताना दिसायचं; ते नुसतं शोभेचं, पंप थांबला तरी वाहतच राहायचं. पंप चालू असला की हिरवा, बंद पडला की लाल. प्लांट हेड साहेबांनी पाहिले आणि लगेच ग्राहकांच्या पाहुण्यांना दाखवायला घेऊन आले. आमच्या मालकांनी त्यांचे फोटो जाहिरातीच्या पुस्तिकेत छापले.

ट्रेनिंगच्या दिवशी चाचांनी एकच गोष्ट विचारली. "मॅडम, पंपाला पहिल्यासारखे वर-खाली दोन दिवे देता येतील का? वरचा लागला तर चालू, खालचा लागला तर बंद."

"चाचा, आता त्याची गरज नाही," मी म्हटलं. "पंपाचा रंगच बदलतो ना. एका नजरेत कळतं."

"हौ, बराबर है," ते म्हणाले. मी पुढच्या मुद्द्याकडे वळले.

सात-आठ महिन्यांनी एका नव्या टाकीचं चित्र जोडायला मी पुन्हा तिथं गेले. सकाळची शिफ्ट होती. कंट्रोल रूममध्ये चाचा मुख्य स्क्रीनसमोर, आणि मी त्यांच्या मागे कोपऱ्यातल्या टेबलावर, सहा फुटांवर. त्यांच्या जोडीचा दुसरा ऑपरेटर खाली प्लांटमध्ये फेरी मारत होता. तो देवगाव रंगारीचा, पस्तिशीचा, रोज कंपनीच्या बसनं येणारा. अलार्म अधूनमधून किंचाळत होता. कुठल्याशा टाकीच्या पातळीचा अलार्म तर दर दोन-तीन मिनिटांनी वाजायचा, आणि चाचा न पाहता बटण दाबून तो गप्प करायचे. सगळेच करायचे. मीसुद्धा त्या आवाजाला सरावले होते.

साडेअकराच्या सुमाराला चाचा पुढं झुकलेले दिसले. ते स्वतःशीच बोलत होते. "पाणी देतोय तरी चढतंय कसं?" तापमान नेहमीपेक्षा चार अंशांनी वर गेलं होतं. त्यांनी पाण्याचा व्हॉल्व्ह आणखी उघडला, थोडं थांबले, मग पूर्ण उघडला. आकडा चढतच होता. स्क्रीनवरच्या पंपावर त्यांनी बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पंप तो चालू है." ते वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं. मी मान वर केली नाही, कारण माझ्या टाकीचा एक पाइप नीट जुळत नव्हता आणि मी त्यात अडकले होते.

मग त्यांनी वॉकीटॉकी उचलला. "पंपाला हात लावून बघ रे."

थोड्या वेळानं खालून ओरडण्याचा आवाज आला. "चाचा, पंप बंद हाय! गार पडलाय पार!"

तेव्हा मी वर पाहिलं. पंप लाल होता. मला तो लख्ख लाल दिसत होता.

चाचा उठले नाहीत, आवाजही चढवला नाही. त्यांनी राखीव पंप सुरू केला, भांड्यात कच्चा माल सोडायचा बंद केला, आणि वॉकीटॉकीवर सांगितलं, "सगळ्यांना बाहेर काढ. सगळ्यांना. तूबी नीघ." भोंगा वाजला. मला म्हणाले, "मॅडम, आप भी." मी बाहेरच्या लिंबाखाली जमलेल्या माणसांत जाऊन उभी राहिले. चाचा आतच राहिले, कारण तापमान उतरतंय की नाही हे कुणीतरी पाहायला हवं होतं. आम्ही वीसेक मिनिटं इमारतीच्या छपराकडे पाहत उभे होतो. देवगावचा तो ऑपरेटर मधूनमधून वॉकीटॉकीवर नुसतं "चाचा?" म्हणायचा, आणि तिकडून "हौ" असं उत्तर यायचं.

तापमान उतरलं. कुणालाही इजा झाली नाही. माल मात्र भांड्यातच आळून दगड झाला, आणि तो फोडून काढायला माणसांना आठवडा लागला.

तिसऱ्या दिवशी चौकशीची मीटिंग झाली. स्क्रीनमधली नोंद छापून टेबलावर ठेवली होती. पंप बंद पडल्याचा अलार्म वाजला होता आणि चाचांनी चार सेकंदांत तो बटण दाबून गप्प केला होता. त्यानंतर बराच वेळ पंप स्क्रीनवर लाल होता.

"एवढा मोठा लाल पंप समोर असताना दिसला कसा नाही?" प्लांट हेड साहेबांनी विचारलं. "झोप लागली होती का?"

"नाही साहेब," चाचा म्हणाले. "गलती माझी आहे."

साहेबांनी कागदावर 'ऑपरेटरचं दुर्लक्ष' असं लिहिलं. निर्णय होईपर्यंत चाचांना स्टोअरमध्ये बसवायचं ठरलं. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी त्या मीटिंगमध्ये होते. त्यांनी पंपावर बोट ठेवून 'चालू आहे' म्हटलेलं मी ऐकलं होतं, आणि झोपलेला माणूस असं करत नाही हे मला कळत होतं. तरी मी काही बोलले नाही. परत येताना गाडीत आमचे मालक म्हणाले, "बरं झालं, आपल्या स्क्रीनवर काही आलं नाही." मी खिडकीबाहेर पाहत राहिले. ते गप्प बसणं मला अजूनही आवडत नाही.

चार-पाच दिवसांनी टाकीचं राहिलेलं काम संपवायला गेले तेव्हा आधी स्टोअरमध्ये डोकावले. चाचा टेबलाशी बसून याद्या करत होते. मागं ड्रमांची रांग होती, काहींवर लाल पट्टा, काहींवर हिरवा. मी विचारपूस करत असतानाच एक कामगार आला. "चाचा, हिरव्या पट्ट्याचा एक द्या."

चाचा उठून पहिल्या ड्रमपाशी गेले, वाकून त्यावरचं बारीक लेबल वाचलं. मग दुसऱ्या ड्रमचं. तिसरा ड्रम फिरवून त्याचंही वाचलं आणि तो पुढं ढकलला. पहिले दोन्ही ड्रम लाल पट्ट्याचे होते, ते मला दारातून दिसत होतं. वाकायची काही गरज नव्हती.

कामगार गेला. चाचा वळले आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून थांबले.

"समजलं ना मॅडम," ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

मी खुर्ची ओढून बसले. त्यांनीही टेबलाचा आधार घेतला आणि सांगायला सुरुवात केली, मी न विचारताच.

त्यांचे वालिद, म्हणजे वडील, हिमरूचं कापड विणायचे. चाचाही लहानपणी मागावर बसले. एकदा त्यांनी एक अख्खी वेलबुट्टी चुकीच्या धाग्यांनी विणली. पानं लाल आणि फुलं हिरवी. वडिलांना आधी चेष्टा वाटली. मग त्यांनी धाग्यांची दोन रिळं समोर धरली आणि विचारलं, यातलं हिरवं कोणतं? दोन्ही एकाच मातकट रंगाची दिसत होती. "अब्बा मारतील असं वाटलं. मारलं नाही. नुसतं बोलले, बेटा, हे काम तुझं नाही. भाऊ मागावर बसला, मला आयटीआयला घातलं."

"आणि कंपनीत? मेडिकलला कुणी तपासलं नाही?"

"डॉक्टरनं अक्षरं वाचायला लावली. छाती तपासली. रंगाचं कुणी विचारलंच नाही, मी कशाला सांगू?" जुन्या पॅनलवर त्यांना कधी अडचण आली नव्हती, कारण दिवा कुठं लागलाय ते पाहिलं की पुरे. रस्त्यावरच्या सिग्नललाही ते तेच करायचे. घरी टोमॅटो पिकलाय की नाही ते बायको सांगायची. "मग तुमचा स्क्रीन आला. दिवा एकच. मी आवाजावर चालवायचो, आकड्यावर चालवायचो. आकड्यावरून पंपाचं कळतं, पण देर से कळतं."

मला काय वाटलं ते नेमकं सांगता येणार नाही. ट्रेनिंगच्या दिवशी मी त्यांना दिलेलं उत्तर शब्दनशब्द आठवलं, एवढं खरं. बावीस वर्षं त्यांनी ज्याच्या आधारावर काम केलं होतं, तो आधार मी एका वाक्यात काढून घेतला होता. वर त्याचं कौतुकही करून घेतलं होतं.

"कुणाला सांगू नका," ते म्हणाले. "निकालेंगे मेरे कू. दोन साल राहिलेत."

"चाचा, पण तुम्ही परत त्याच स्क्रीनवर बसलात तर?"

चाचांनी टेबलावरचे याद्यांचे कागद सरळ केले.

"तुमचं मी सांगणार नाही," शेवटी मी म्हटलं. "माझं सांगते."

त्या आठवड्यात मी एक साधी गोष्ट केली. पंप चालू असतानाचा स्क्रीन आणि पंप बंद असतानाचा स्क्रीन, दोन्ही ऑफिसच्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापले. दोन कागद शेजारी ठेवले. दोन्ही पंप अगदी सारखे राखाडी होते. मग मी अलार्मची यादी उघडली. त्या सकाळच्या एका तासाची यादी छापली तर पानं संपेनात. पंपाची ओळ कुठं आहे हे माहीत असूनही मला ती पेन घेऊन शोधावी लागली. ग्राहकानं 'सगळ्याला अलार्म द्या' म्हटलं होतं आणि मी सगळ्याला दिला होता.

मालकांना सांगितलं तर ते वैतागले. "प्रकरण मिटलंय. तू कशाला उकरतेस?" मी म्हटलं, माणूस स्टोअरमध्ये बसलाय आणि स्क्रीन तसाच आहे, मिटलं कुठं? त्यांनी ते दोन कागद मागून घेतले आणि पाहिले. मग म्हणाले, "मी येतो बरोबर." हे मात्र मला अपेक्षित नव्हतं.

पुन्हा मीटिंग. चाचांनाही बोलावलं होतं, कारण त्यांच्याबद्दलचा निर्णय त्याच दिवशी व्हायचा होता. मी ते दोन कागद साहेबांसमोर सरकवले. "साहेब, यातला बंद पंप कोणता?"

साहेबांनी चष्मा लावला. एक कागद उचलला, दुसरा उचलला. "हे काळं-पांढरं आहे. स्क्रीनवर रंग असतो."

"काही लोकांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. तुमच्या पुढच्या ऑपरेटरला दिसेलच असं नाही. मी फक्त रंगावर विसंबले, ही माझी चूक आहे. आणि अलार्मची यादी ही." मी तो गठ्ठा ठेवला. "मी त्या दिवशी सहा फुटांवर बसले होते. मला सगळे रंग दिसतात. मलाही कळलं नाही."

साहेब थोडा वेळ कागदांकडे पाहत राहिले, मग चाचांकडे. "याचा यांच्याशी काय संबंध?"

मी गप्प राहिले. चाचा उभे राहिले.

"साहेब, मला नाही दिसत लाल-हिरवं. लहानपणापासून. मॅडमनं सांगितलं नाही, मी सांगतो. त्या दिवशी मला पंप चालूच दिसला."

साहेब रागावले, आणि ते रागावणं खोटं नव्हतं. "एवढी वर्षं? चाचा, खाली माणसं असतात हो."

"हौ साहेब. म्हणूनच सांगितलं."

मग जे झालं ते पूर्णपणे कुणाच्याच मनासारखं झालं नाही. डॉक्टरी तपासणी झाली, कागदावर आलं. 'दुर्लक्ष' हा शब्द साहेबांनी स्वतः खोडला. नोकरी गेली नाही. पण वरच्या ऑफिसनं सांगितलं की चाचांना पॅनलवर एकटं बसवायचं नाही, सोबत दुसरा ऑपरेटर हवाच. चाचांना हे लागलं. एकदा मला म्हणाले, "आता मी पॅनलवरचा मेहमान."

स्क्रीन मात्र नव्यानं करायचे ठरले. या वेळी मी आधी चित्रं काढली नाहीत. दोन आठवडे कंट्रोल रूममध्ये नुसती बसले आणि ऑपरेटर काय पाहतात, कधी पाहतात, ते लिहून घेतलं. मग चाचा, देवगावचा ऑपरेटर आणि मी असे तिघं अलार्मच्या यादीशी बसलो. प्रत्येक ओळीला मी एकच विचारायचे, "हा वाजला तर तुम्ही काय करता?"

"काय नाय," देवगावचा म्हणायचा. "ह्यो नुसताच बोंबलतोय."

"आणि हा?"

"ह्यो वाजला तर पळायचं बगा. खाली जाऊन व्हॉल्व्ह फिरवायचा."

ज्याला उत्तर 'काय नाय', तो अलार्म काढून टाकायचा. साहेबांची सही घेत घेत यादी उतरत गेली. दर दोन मिनिटांनी किंचाळणारा तो टाकीचा अलार्म म्हणजे नुसता बिघडलेला सेन्सर निघाला. एवढे महिने कुणी तो बदलला नव्हता.

नवे स्क्रीन राखाडी होते. चकाकी नाही, सावली नाही, वाहतं पाणी नाही. चालू पंप भरीव, बंद पंप पोकळ, त्याच्यावर तिरपी रेघ आणि शेजारी 'बंद' हा शब्द. तापमान म्हणजे उभी पट्टी, तिच्यावर नेहमीची हद्द आखलेली, म्हणजे आकडा न वाचताही तो हद्दीबाहेर चाललाय हे दिसावं. त्याच्याखाली तापमानाची आणि पाण्याच्या दाबाची गेल्या दोन तासांची रेघ. काही बिघडलं तरच पिवळा रंग यायचा, आणि त्याच्यासोबत वेगळ्या आकाराची खूणही.

साहेब पाहायला आले. "हे तर अगदी मेल्यासारखं दिसतंय," म्हणाले. "पाहुण्यांना काय दाखवू?"

"साब, सगळं ठीक हाय म्हणून गप्प हाय ते," चाचा म्हणाले. साहेब हसले नाहीत, पण नकोही म्हणाले नाहीत. पाहुण्यांसाठी जुनं चित्र बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर लावलं. ते अजून तिथं आहे म्हणतात.

एका दुपारी सराव घेतला. खरा प्लांट नव्हे, कॉम्प्युटरवर तयार केलेला खोटा. न सांगता पंप हळूहळू पाडायचा आणि ऑपरेटरला किती वेळात कळतं ते पाहायचं. बाकीच्या सगळ्या ऑपरेटरांना अलार्म वाजून मिनीट व्हायच्या आत कळलं. चाचांना अलार्म वाजायच्या आधी कळलं. पाण्याच्या दाबाची रेघ किंचित झुकलेली त्यांनी पाहिली आणि पंपाकडे वळले. साहेब मागं उभे होते. ते वरच्या ऑफिसला पत्र लिहिणार म्हणाले. लिहिलंही. उत्तर आलं नाही. मधल्या काळात चाचा दोघांच्या शिफ्टमध्ये बसत राहिले आणि नव्या माणसांना शिकवत राहिले. निवृत्त झाले ते तसेच. निरोपाच्या दिवशी त्यांना शाल दिली.

आता कुठल्याही नव्या कामावर मी आधी काही दिवस नुसती बसायला मागते. बरेच ग्राहक कुरकुरतात. काहींनी काम दुसऱ्याला दिलं. ऑपरेटरनं एखादी लहानशी मागणी केली तर 'गरज नाही' म्हणायच्या आधी मी 'कशासाठी?' असं विचारते. नेहमी उत्तर मिळतंच असं नाही. माणसं लगेच सांगत नाहीत, आणि का सांगत नाहीत हे आता मला कळतं.

गेल्या महिन्यात देवगावच्या ऑपरेटरचा फोन आला. आता तो शिफ्टचा प्रमुख आहे.

"मॅडम, परवा पाण्याचा पंप पडला व्हता."

"मग?"

"मग काय, दुसरा चालू केला. माल बी चांगला निघाला." थोडं थांबून तो म्हणाला, "त्यासाठी नाय केला फोन. त्या तीन नंबरच्या टाकीचा आकडा लई बारीक दिसतोय सगळ्यांना. जरा मोठा करता यील का?"

मी वही ओढली आणि विचारलं, कोणत्या स्क्रीनवरचा, आणि बसल्यावर दिसत नाही की उभं राहिल्यावर.